त्याच दारी पुन्हा

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. तू ज्यांना भेटायला जातेस ते आजारी आजोबा प्रार्थनेला नीट बसत नाहीत, सुनेची गाऱ्हाणी सांगतात, टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, आजाऱ्यांच्या घरी घेऊन जाणाऱ्या ताईंबरोबर तू जातेस आणि अर्धा तास नुसती बसून येतेस. यात सेवा ती काय, असं तुला वाटतं. म्हणून रुग्णभेट सोडून मदत मेळाव्याच्या समितीत जायचंय. तिथं निदान काही उभं राहिलेलं दिसतं म्हणे.

मेळाव्यात हवं तर काम कर. पण त्या दारी पुन्हा जा.

धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, मदतीची कामं कमी नसतात. धान्यवाटप, औषधांची सोय, दवाखान्यात सोबत, घरात कुणी गेलं की त्या कुटुंबाला आधार, तुरुंगभेट. सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं, आणि बिघडतं ते तिसऱ्या-चौथ्या भेटीला. पहिल्यांदा सगळेच जातात. नाताळात तर वाटपाला माणसं आवरत नाहीत, जानेवारीत यादी घेऊन फिरलीस की कळेल. आणि एकट्या पडलेल्या माणसाला हे आधीच ठाऊक असतं गं. तू परत येतेस की नाही, हेच तो बघत असतो. तुझे आजोबा गाऱ्हाणी सांगतात याचा अर्थ तू परत येशील, असं त्यांनी धरून चाललंय. याहून काय हवंय तुला?

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय काढ. पहिल्या मंडळीत कुरकुर कशावरून झाली? अन्नाच्या रोजच्या वाटपात ग्रीकभाषिकांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं म्हणून. मग सात माणसं नेमावी लागली, स्तेफन त्यातलाच. एवढी जुनी गोष्ट आहे ही, आणि आपण अजून सणासुदीच्या वाटपावर खूश.

फ्रेडरिक ओझानाम 1833 साली पॅरिसमध्ये शिकत होता, वय वीस. तुमची चर्च आज गरिबांसाठी करते काय, असा टोमणा त्याला ऐकावा लागला. सिस्टर रोझाली रँदू यांनी त्याला आणि त्याच्या मित्रांना गरिबांची घरं दाखवली, आणि ही पोरं त्या घरांत जात राहिली. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी झाली. तिचे सदस्य आजही दोघादोघांनी घरभेटीला जातात.

नुसती बसून येतेस म्हणतेस, तर मग डोळे उघडे ठेवून बस. ताई गळ्यातली ख्रिस्तप्रसादाची डबी काढायच्या आत उशाशी असलेल्या स्टुलावरच्या गोळ्यांच्या पट्ट्या उचलून ठेव, पांढरं कापड अंथर. गिळायला त्रास होतोय का ते बघ. तसं असेल तर ख्रिस्तप्रसादाचा अगदी छोटा तुकडा आणि वर घोटभर पाणी देता येतं. 1973 साली पोप पॉल सहावे यांनी धर्मगुरू नसलेल्या प्रापंचिकांनीही इतरांना ख्रिस्तप्रसाद द्यायला मुभा दिली, म्हणून ताई जाऊ शकतात. रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, मात्र धर्मगुरूच देतात, आणि फादरना वेळेवर बोलवायचं तर तब्येत ढासळल्याचं कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. गेल्या आठवड्यात आजोबा उठून बसले होते आणि आज बसत नाहीत, हे कोण सांगणार? दर आठवड्याला जाणारीच ना?

आमच्या समितीत एकदा ठराव आला होता. घरभेटी कमी करून तेच बळ वर्षाच्या एका मोठ्या आरोग्य शिबिराला लावावं. मी एकटी विरोधात उभी राहिले. त्यावरून माझी जवळची मैत्रीण दुरावली, अजून धड बोलत नाही. त्याचं वाईट वाटतं, चर्चमध्ये मिस्सेला ती समोर दिसली की जास्तच. पण शिबिराला जो चालत येऊ शकतो तोच येतो. अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी कुणीतरी जावंच लागतं. मला हेकट म्हणाले, म्हणू देत. आज तोच ठराव पुन्हा आला तरी मी विरोधातच हात वर करीन. शिबिरं वाईट असतात असं माझं म्हणणं कधीच नव्हतं, हे मात्र कुणी ऐकून घेत नाही. असो.

सून बाजूला घेऊन उसने पैसे मागते, त्याचं काय करू, असंही विचारलंयस. स्वतःच्या पर्समधून काढू नकोस आणि शब्दही देऊ नकोस. आज दिलेस की पुढच्या वेळी ती तुझी वाट पैशांसाठी बघेल, आणि नसले की तूच जायचं टाळशील. ताईंच्या कानावर घाल. त्या सभेत मांडतील, मदत किती आणि कशी हे तिथं ठरेल. बाहेर एका शब्दानं बोलायचं नाही, आईजवळसुद्धा नाही. त्या सुनेला तिच्या गल्लीत मान वर करून राहायचंय.

आणि परीक्षेमुळे मध्ये खंड पडणार असेल तर आजोबांना आधी सांग. तोवर कोण येईल, त्याचं नावही सांग. त्या व्यक्तीला एकदा सोबत नेऊन ओळख करून दे, म्हणजे दार उघडताना ते बावरणार नाहीत.

तुझी,
मावशी