पणजीत सिग्नलला गाडी थांबवताना आरपीएम पडून इंजिन बंद होतं. स्पीड सेन्सरमुळे असं होऊ शकतं का?

हो, होऊ शकतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी अजून पळत असेल, तर बऱ्याच गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता असणारं आरपीएम, थोडं चढं ठेवतो आणि गाडी थांबली की खाली आणतो. वेगाचा सिग्नल मध्येच तुटला तर हा हिशेब चुकतो. आरपीएम वरखाली होतं किंवा इंजिन बंद पडतं. स्पीडोमीटरचा काटा उड्या मारत असेल, स्कॅनरवर पी०५०० (स्पीड सेन्सरच्या बिघाडाचा) कोड दिसत असेल, तर संशय पक्का.

नवा सेन्सर घ्यायच्या आधी त्याचा कनेक्टर उघडून बघाच. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळा, पिनांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून बघा, खर्च नगण्य.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर आणखी एक शक्यता: टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्समधला दुवा) लॉक-अप, म्हणजे दोघांना थेट जोडणारी पकड, सुटत नसेल, तर क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखं इंजिन गचकन बंद पडतं.

मात्र न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचंही आयडल हलत असेल, तर स्पीड सेन्सर सोडा, आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घ्या.