जिंजीला दुपारी पोहोचण्याचा बेत आखू नये

बंगळूरहून पुदुच्चेरीला गाडीने जाताना तिरुवण्णामलैला जेवण उरकून वाटेत दोन तासांत जिंजीचा किल्ला पाहता येईल का, आणि सत्तरीला आलेल्या वडिलांना राजगिरी ही किल्ल्याची सर्वांत उंच टेकडी झेपेल का, हा आपला प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीची आमची फजिती आठवली, कारण आमचाही बेत नेमका हाच होता.

रस्ता, टोल, गाडीची कागदपत्रे यांविषयी लिहीत नाही. ते आपण पाहिलेच असेल. मला महागात पडली ती एक दूरध्वनीवरची चौकशी. निघण्याच्या आठवडाभर आधी मी एका माहिती कार्यालयाला किल्ला किती वाजेपर्यंत खुला असतो असे विचारले, ‘पाचपर्यंत’ एवढे तुटक उत्तर मिळाले आणि मी त्यावर विसंबलो. आम्ही सव्वातीनला पोहोचलो, तिकिटेही बिनबोभाट मिळाली. परंतु राजगिरीच्या पायऱ्यांपाशी पहारेकऱ्याने मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारली आणि तीन बोटे वर केली. पाच ही वेळ खालच्या वास्तूंची होती. वर सोडणे तीनलाच बंद झाले होते. त्याला हिंदी येत नव्हते, आम्हाला तमिळ येत नव्हते, आणि नियमाने तो बरोबरच होता, त्यामुळे हुज्जत घालण्यातही अर्थ नव्हता. पुदुच्चेरीच्या खोलीचे पैसे आधीच भरले असल्याने मुक्काम वाढवता आला नाही. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांनी मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या वेढ्यात १६९० पासून जवळजवळ आठ वर्षे लढवलेला हा किल्ला, असे वाटभर सांगत आलेले माझे वडील कल्याण महालाच्या पायरीवर बसून तो कडा खालूनच पाहत राहिले. परतल्यावर त्या कार्यालयाला मी दोन पत्रे पाठवली, त्यांची पोचही आली नाही. अर्थात माझा प्रश्नही अर्धवट होता. ‘वर चढायला शेवटचे किती वाजता सोडता’ असे विचारायला हवे होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की आदल्या रात्री तिरुवण्णामलैला मुक्काम करावा आणि किल्ला उघडताच पायथ्याशी हजर असावे. मात्र तो दिवस पौर्णिमेचा नाही याची खात्री करून घ्यावी, कारण पौर्णिमेला तेथे गिरिप्रदक्षिणेसाठी लाखो भाविक येतात आणि गावात गाडी शिरणेही कठीण होते. दिवाळीच्या सुटीत जाणार असाल तर तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, हे आपल्याकडचे बहुतेक जण विसरतात.

पुढच्या वर्षी मी धाकट्या भावाला घेऊन सकाळी गेलो. राजगिरी सुमारे आठशे फूट उंच आहे, पायऱ्या बांधीव आहेत, तरी अकरानंतर दगड असा तापतो की हात टेकवत नाही. माथ्याच्या थोडे अलीकडे कडा तुटून खोल घळ पडली आहे आणि तिच्यावरचा लहानसा पूल ओलांडल्याखेरीज वर जाताच येत नाही. तेथे उभे राहिल्यावर राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग या तिन्ही टेकड्यांना जोडणारी तटबंदी दिसते आणि वेढा एवढा का लांबला हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या वडिलांविषयी वैद्यकीय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, परंतु मी असतो तर त्यांना कल्याण महाल, धान्यकोठारे आणि वेंकटरमण मंदिर निवांत दाखवले असते आणि वर एकटाच गेलो असतो.

माझी माहिती जुनी आहे आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जिंजी जागतिक वारसा यादीत गेल्यापासून वेळा बदलल्याही असतील, तेव्हा पोहोचताच तिकीट खिडकीवर विचारून घ्यावे. वाटेत कोणाला विचारायचे झाल्यास ‘सेंजी कोट्टै’ म्हणावे, ‘जिंजी’ म्हटल्यावर लोक गोंधळतात. आणि नकाशात नुसते ‘कृष्णगिरी’ टाकू नये, त्या नावाचे किल्ला असलेले शहर आपल्याला सुमारे एकशेचाळीस किलोमीटर आधीच लागते. खाण्याची पिशवी गाडीतच ठेवावी. पायथ्याच्या माकडांनी आमच्या पिशवीची चेन सरकवून चकल्यांचा डबा नेला आणि झाकण तेवढे परत टाकले.