फोर व्हील लागत नाही? आधी गाडीखाली वाक

भाऊ, फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद द्यायची सोय, लागत नाही म्हणून गिअरबॉक्स खोलायची घाई करू नकोस. जुन्या गाडीत बऱ्याचदा भानगड साध्या रबरी नळीत निघते.

पावसानंतर केळीच्या बागेतल्या काळ्या चिखलात गाडी घाल, फोर हाय (फोर व्हीलचा नेहमीच्या वेगाचा गिअर) लाव आणि कोणाला तरी बाजूने लांबून बघायला सांग. मागची चाकं जागीच फिरताना पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) फिरतोय का? शाफ्टच थांबलेला असेल तर दोष ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा): लिव्हरची जोडणी, नाहीतर बटणवाल्या गाडीत फ्यूज, वायरिंग, शिफ्ट मोटर. शाफ्ट फिरतो पण पुढची दोन्ही चाकं गप्प, तर बहुधा हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडणारी कुलपं) लागत नाहीत.

व्हॅक्यूमवाले (नळीतल्या हवेच्या ओढीने लागणारे) हब असतील तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. फोर व्हील लावून हबकडची नळी काढ, तोंडाशी बोट धर. ओढ लागली नाही तर नळी मागे मागे तपासत जा. आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात रबराची पार पापडी होते; माझी नळी क्लिपखालीच चिरली होती, वरून धड दिसायची. त्यापायी मी दोन महिने मेकॅनिकांचे उंबरे झिजवले.

आणि तोरणमाळच्या कोरड्या डांबरी घाटात फोर व्हील लावून वळणं घेऊ नकोस. पार्ट-टाइम सिस्टीमला (फोर व्हील गरजेपुरतं लावायची) मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो, सगळा ताण शाफ्टवर येतो, मग लिव्हर अडकून बसतो. अडकलाच तर सरळ थोडं रिव्हर्स घे, बहुतेक वेळा सुटतो. आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत ना? नसतील तरी असाच ताण येतो.