सायलोसायबिनने (काही मशरूममधल्या, भास घडवणाऱ्या द्रव्याने) नैराश्यावर उपचार करताना रुग्णाला संगीत का ऐकवतात?
वेळ जावा म्हणून नव्हे, एवढं नक्की. डोळ्यांवर पट्टी, कानात इअरफोन, शेजारी थेरपिस्ट आणि कित्येक तास बोलणं जवळपास नाहीच. अशा वेळी मनाला वाट दाखवायचं काम संगीतच करतं. सुरुवातीला संथ, औषध चढलं की भावना ढवळून काढणारं, उतरताना पुन्हा शांत. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या २०१८ मधल्या अभ्यासात ज्यांना संगीत भिडलं, त्यांचं नैराश्य आठवड्याभराने जास्त उतरलेलं दिसलं. औषध किती जोरात चढलं, यावरून मात्र तसा अंदाज बांधता आला नाही. रुग्ण जेमतेम १९, तेव्हा लगेच हुरळून जायला नको. शिवाय न रुचलेलं संगीत उलट त्रासच देतं. आणि हो, घरी प्लेलिस्ट लावून असला प्रयोग करू नका. भारतात सायलोसायबिनवर बंदी आहे.