बँकॉकला पहिल्यांदा जाताय? मग रस्त्यावरच जेवा

हॉटेलातल्या नाश्त्याचे पैसे भरू नका. सकाळी कोळशावर भाजलेले मू पिंग (काडीला लावलेले डुकराच्या मांसाचे तुकडे) आणि चिकट भात घ्या, पोट भरतं. संध्याकाळी याओवारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाउनला जा, पण सोमवार टाळा. त्या दिवशी खाण्याच्या बऱ्याच गाड्या बंद असतात. जिथे ऑफिसातली स्थानिक माणसं रांगेत दिसतील, तिथे बिनधास्त बसा. सुटे बाट जवळ ठेवा.

शाकाहारी असाल तर नीट ऐका: नुसती भाजी दिसली म्हणून फसू नका, सोम तममध्येही (कच्च्या पपईची कोशिंबीर) माशाचा सॉस आणि सुकट असते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘เจ’ म्हणजे ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध, अगदी कांदा-लसूणही नसतो. तिखट कमी हवं तर ‘फेत नित नॉय’ म्हणा. आपल्याला तिखटाची सवय असली, तरी तिथली छोटी मिरची जबरदस्त आहे.