नवीन काम केलेलं इंजिन खटखट करते, अन् सगळे म्हणतात 'चालवत राहा, बसून जाईल'

प्रश्न : भाऊ नमस्कार. माझी काळी-पिवळी आहे, दारव्हा-दिग्रस लाइनवर चालते, ४ सिलिंडर डिझेल, जुनं पंप-नोझलवालं इंजिन. धूर मारत होती अन् ऑइल खात होती म्हणून पूर्ण इंजिन काम काढलं. लायनर-पिस्टन नवे, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) लेथवर २० वर, म्हणजे इंचाचे २० हजारांश कमी करून घासला, मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारे) अन् बिगएंड (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडते तिथले) बेअरिंग नवे, हेडला फेस मारला (घासून सपाट केला), नोझल तपासून आणले. चालू केली तर एकदम मख्खन आवाज. पण १८० किलोमीटर झाले असतीन तर खटखट चालू झाली. सकाळी थंडी असतानी नसल्यासारखीच, गरम झाली का वाढते, रिकाम्या गाडीत कमी अन् पॅसेंजर भरून चढ लागला का चांगलीच वाजते. आयडलवर गरम असतानी ऑइलचा लाल लाइट लुकलुक करून राह्यला. मेकॅनिक म्हणते नवं काम आहे, हजार किलोमीटरमध्ये बसून जाईल. दुसरा म्हणते पंपाचं टायमिंग पुढं आहे. तिसरा म्हणते खोलाच. हप्ता भरायचा आहे, गाडी उभी ठेवून परवडत नाही. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी गाडी उभी करा. हे वाचून झाल्यावर एक फेरी मारून येतो असंही नको. हप्त्याचं मला समजते, रोजचं डिझेल रोजच्या पॅसेंजरवर निघते हेही माहीत आहे, पण आज जे काम बेअरिंगच्या एका जोडीत नाहीतर फार तर क्रँक पुन्हा घासण्यात निपटू शकते तेच उद्या पिस्टनचा रॉड तुटून ब्लॉक फुटला की पूर्ण इंजिनावर जाते, अन् गाडीत दहा माणसं बसलेली असतात.

आता 'बसून जाईल' या शब्दाचं. हा शब्द खोटा नाही, पण तो रिंगांसाठी आहे. नवीन लायनरला होनिंगच्या बारीक आडव्या-तिरप्या रेघा असतात, त्यावर रिंग घासत घासत बसते, म्हणून सुरुवातीला थोडा धूर, थोडं ऑइल खाणं चालते. बेअरिंगचं तसं नसते. क्रँक अन् बेअरिंग यांच्यात चालू इंजिनात ऑइलचा पातळ थर असतो, क्रँक त्या थरावर तरंगते, धातूला धातू लागतच नाही, निदान लागू नये. म्हणजे तिथं बसायला काही नाही, एकदा वाजायला लागलं की फक्त झिजते, अन् जेवढं झिजते तेवढं जास्त वाजते.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी आहेत, त्या एकत्र ठेवून पाहा. एक, आवाज गरम झाल्यावर वाढते. गरम ऑइल पातळ होते, थर कमी पडतो, सैल बेअरिंग उघडं पडते. दोन, लोडवर वाढते. तीन, गरम आयडलवर लाल लाइट. तो लाइट प्रेशर फारच खाली, साधारण अर्ध्या बारच्या आसपास आलं की पेटतो, म्हणजे तो पेटेपर्यंत बरंच काही बिघडलेलं असते. हे तिन्ही मिळून बोट बेअरिंगकडे जाते, टायमिंगकडे नाही.

टायमिंगवाल्या मेकॅनिकचंही ऐकून घेऊ, कारण त्याच्या म्हणण्यात दम आहे, फक्त तुमच्या गाडीला लागू होत नाही असं मला वाटते. पंपाचं टायमिंग पुढं असलं की डिझेल लवकर पडते, पेटायला वेळ लागते, तेवढ्या वेळात जमा झालेलं डिझेल एकदम भडकते अन् ठण्ण असा कडक आवाज येते. पण हा आवाज थंड इंजिनात जास्त असते, कारण थंडीत डिझेल पेटायला आणखी उशीर लागते, अन् गरम झाल्यावर थोडा नरम पडते. तुमचं एकदम उलटं आहे. दुसरं म्हणजे टायमिंग चुकलेलं असतं, नाहीतर हेड फेस मारल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असते, तर आवाज पहिल्या सेल्फपासून आला असता. तुमची गाडी १८० किलोमीटर चांगली चालली अन् मग वाजायला लागली, म्हणजे आत काहीतरी या १८० किलोमीटरमध्ये झिजलं नाहीतर ढिल्लं झालं. मेकॅनिकला हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगा, किती किलोमीटरनं चालू झालं, बाकी सगळं नंतर.

आता खोलायच्या आधी तीन तपासण्या, गाडी जागेवरच उभी ठेवून, अन् तेवढ्यापुरतीच चालू करून.

पहिली, ऑइल लाइटचा स्विच काढून तिथं काट्याचा प्रेशर गेज लावायला सांगा. लाइटवर भरवसा ठेवू नका, स्विचही खराब असू शकते. गरम इंजिनात मोटामोटी हिशोब म्हणजे दर १००० आरपीएमला १० पीएसआय. गेज जर व्यवस्थित प्रेशर दाखवत असेल तर मी वर म्हटलेलं थोडं मागं घेईन अन् नोझलकडे पाहीन. कमी दाखवलं तर मात्र बेअरिंग, नाहीतर ऑइल पंपाची जाळी, सक्शन पाइपाचं पॅकिंग, प्रेशर व्हॉल्व्ह यापैकी काहीतरी.

दुसरी, आवाज कुठून येते ते ऐका. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक ब्लॉकवर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा, डोळे मिटा. पंख्यापासून अन् बेल्टपासून लांब राहून, बरं का, गळ्यातला गमछा काढून ठेवा. वर टॅपेट कव्हरवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटवरचं झाकण) टेकवलं तर टकटकटक बारीक ऐकू येते, ती तर असतेच. खाली चेंबरजवळ (ऑइल साठते ते तळाचं भांडं) एकेक सिलिंडरच्या समोर सरकवत जा. जिथं बेअरिंग वाजत असते तिथं तो आवाज ऐकू येण्यापेक्षा हाडात लागते, कोणी आतून हातोडी मारल्यासारखा. ज्यानं एकदा ऐकला तो विसरत नाही.

तिसरी, एकेक सिलिंडर बंद करून पाहणं. आयडलवर एका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा ढिल्ला करा, त्या सिलिंडरला डिझेल जाणं बंद होते, इंजिन थोडं लंगडते. आवाज ऐका, नट पुन्हा घट्ट करा, पुढचा घ्या. ज्या नंबरला खटखट एकदम गायब होते नाहीतर अर्धी होते, तिथंच दुखणं आहे. नटावर जाड फडकं टाका, चष्मा लावा अन् बोट कधीच समोर आणू नका, त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत जाते, वरून टोचल्याएवढं दिसते पण ते डिझेल आत पसरून हात गमवायची वेळ येते, लगेच दवाखान्यात जावं लागते. अन् ज्या वाचकांकडे कॉमन रेलची नवीन गाडी आहे त्यांनी हे अजिबात करायचं नाही, तिथं प्रेशर हजार बारच्या वर जाते, ते काम स्कॅनरनं होते.

फक्त एक ध्यानात ठेवा, नोझल खराब असला तरी तो सिलिंडर बंद केल्यावर आवाज जाते. म्हणजे एवढ्यानं बेअरिंग की नोझल हे कळत नाही. त्यासाठी समजा ३ नंबरला आवाज गेला, तर ३ नंबरचा नोझल १ ला लावा अन् १ चा ३ ला. आवाज १ नंबरला गेला तर नोझल. तिथंच राहिला तर खालचं काम. नोझल काढताना जुना तांब्याचा वायसर आत चिकटून राहते अन् वरून नवीन टाकला जाते, दोन वायसर झाले की नोझल वर राहते, हे पण पाहून घ्या. पिस्टन पिन सैल असली तर जोडीनं वाजते, टक-टक, टक-टक. मेन बेअरिंगचा आवाज जड, दबका असते अन् एक सिलिंडर बंद करून पूर्ण जात नाही.

समजा ३ नंबरचा बिगएंड निघाला. आता चेंबर उतरवा, इंजिन खाली काढायची गरज बहुतेक पडत नाही. आधी ऑइल स्वच्छ टोपल्यात काढा, उन्हात धरून हलवा. चांदीसारखी नाहीतर तांब्यासारखी चकाकी तरंगत दिसली तर निदान तिथंच झालं. मग ३ च्या रॉडची कॅप (क्रँकला खालून धरणारा अर्धा भाग) खोला, बेअरिंगचा तुकडा अंगठ्यानं पुसून पाहा. चांगला बेअरिंग सारखा राखी, मंद दिसते. खराब झालेल्यात रेघा असतात, अन् जिथं वरचा थर गेला तिथं तांब्याचा रंग उघडा पडते. नख फिरवा, अडकलं तर गेलं.

आता तो काहून गेला हे शोधल्याशिवाय नवीन बेअरिंग टाकू देऊ नका, इथंच लोक घाई करतात अन् पुन्हा १८० किलोमीटरवर परत येतात. तुकड्याच्या मागं ०२० नाहीतर ०.५० छापलेलं आहे का पाहा, पेटी वीसची अन् आत एखादा दहाचा निघालेला मी पाहिला आहे. कॅप अन् रॉडवरचे नंबर एकच अन् एकाच बाजूला आहेत का, दोन्ही तुकड्यांचे लॉक (कडेचे छोटे दात) एकाच बाजूला आहेत का. कॅप त्याच रॉडची पाहिजे, कारण ते भोक दोन्ही जोडून एकत्र बनवलेलं असते, दुसऱ्याची लावली की गोल राहत नाही. हे मी आमच्याच गॅरेजमध्ये भोगलं आहे. एका ट्रॅक्टरच्या कॅपा एकाच परातीत धुतल्या, २ अन् ३ ची अदलाबदल झाली, मी नंबर न पाहता कसून टाकल्या. रोटाव्हेटरला लावल्यावर दुसऱ्याच दिवशी वाजला, नवा घासलेला क्रँक पुन्हा घासावा लागला अन् पेरणीच्या तोंडावर त्या माणसाचे आठ दिवस गेले. पैसे मी भरले, दिवस नाही भरून देता आले. तेव्हापासून प्रत्येक कॅप तिच्याच रॉडला बोल्टनं लटकवून धुतो.

तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय क्रँकच्या आतल्या ऑइल होलांवर आहे. घासताना दगडाची पूड त्या होलात जाते. वरून डिझेल मारून क्रँक चकचकीत दिसते, पण पूड आत राहते अन् इंजिन चालू झालं की ऑइलसोबत सरळ बेअरिंगवर येते, मऊ धातूत रुतून बसते अन् रेतीकागदासारखी घासते. म्हणून सुरुवातीला मख्खन अन् नंतर खटखट. त्या होलाचे प्लग खोलून, आतून तारेचा ब्रश फिरवून, कॉम्प्रेसरची हवा मारून धुवावं लागते. लेथवाल्याला विचारा प्लग खोलले होते का, रागानं नाही, साधं विचारा. पूड निघाली तर बाकीच्या तीन बिगएंड अन् मेनमध्येही गेलेलीच असते, तेव्हा एकट्या ३ नंबरचं काम करून भागत नाही, क्रँक काढावाच लागते.

जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) नख अडकत असेल तर क्रँक ३० वर न्यावा लागेल. नाही अडकलं तरी मायक्रोमीटर लावा, चार ठिकाणी, कारण जर्नल अंड्यासारखा झाला तर डोळ्याला दिसत नाही. क्लिअरन्स पाहायला प्लास्टीगेज मिळते, मेणासारखा बारीक दोरा. तो जर्नलवर आडवा ठेवायचा, कॅप टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या टॉर्कवर कसायची, क्रँक बिलकुल फिरवायचा नाही, मग खोलून चपटा झालेला दोरा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायचा. मोटामोटी जर्नलच्या एका इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सव्वादोन इंचाला सव्वादोन थाऊच्या आसपास. चार-पाच निघाला तर वाजणारच.

जोडून झाल्यावर लगेच स्टार्ट नका करू. ऑइल फिल्टर ऑइलनं भरून लावा, स्टॉपचा दांडा ओढून ठेवून सेल्फ थोडा थोडा मारा, गेजचा काटा उठेपर्यंत. काटा उठला की मग डिझेल. अन् काढलेले बेअरिंग फेकू नका, नंबर लिहून कागदात बांधून ठेवा, मेकॅनिक अन् लेथवाल्याशी पैशाचं बोलताना तेच समोर ठेवता येतात.

प्रश्न : ट्रॅक्टरचं इंजिन काम करून ५० तास झाले. टकटक येते, पण थंड-गरम सारखीच, नांगराला लावा का ट्रॉलीला, फरक नाही. ऑइल प्रेशर बरोबर आहे. सोयाबीनची मळणी तोंडावर आहे, चालवू का?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : आधी टॅपेट पाहा. तुमच्या आवाजाचा वेग इंजिनाच्या अर्धा असते, कॅम क्रँकच्या अर्ध्या वेगानं फिरते म्हणून. नवीन हेड गॅस्केट थोडं दबते, तुमच्या मॅन्युअलमध्ये हेड पुन्हा टॉर्क करायला सांगितलं असेल तर ते आधी करा अन् त्यानंतर टॅपेट फीलर गेजनं सेट करा, उलट केलं तर सेटिंग बदलून जाते. थंडीत सेट करायचे का गरम हे पण मॅन्युअलमध्येच पाहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, करून मळणीला लागा.

प्रश्न : पिकअपचं काम केलं, आयडलला खडखड येते अन् क्लच दाबला का आवाज बदलते. मेकॅनिक पुन्हा पिस्टन काढायचं म्हणून राह्यला.
— एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : पिस्टनला क्लचचं काही माहीत नसते भाऊ, तो काढू देऊ नका. क्लच दाबल्यावर क्रँक पुढं ढकलला जाते, म्हणून आधी थ्रस्ट वायसर पाहा, तो क्रँकला पुढं-मागं सरकू देत नाही. खालची पुली टॉमीनं (लोखंडी दांडीनं) पुढं-मागं करून पाहा, डोळ्याला दिसेल एवढी हालत असेल तर वायसर झिजला, राहून गेला नाहीतर उलटा बसला. त्याच्या ऑइलच्या खाचा क्रँककडे पाहिजे, ब्लॉककडे नाही. तिथं ठीक निघालं तर गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हीलचे बोल्ट अन् क्लच बेअरिंग पाहा. एखादा फ्लायव्हीलचा बोल्ट हातानंच कसलेला राहिला असेल तर आवाज थेट बिगएंडसारखा येते.