वाचकांचे प्रश्न : स्वतःचेच वस्त्र फाडणारा क्रोध

प्रश्न : इटलीतील पादुआच्या भित्तिचित्रांच्या एका पुस्तकात ‘क्रोध’ म्हणून स्वतःचेच वस्त्र फाडणारी स्त्री पाहिली. समोर शत्रू नाही, हातात शस्त्रही नाही. राग दाखवण्यासाठी चित्रकाराने हीच कृती का निवडली असावी?

उत्तर : आपण पाहिलेले चित्र इटालियन चित्रकार जोत्तोचे असून ते पादुआतील, १३०५ च्या सुमारास रंगवलेल्या स्क्रोवेन्यी चॅपेलमधले (छोट्या प्रार्थनामंदिरातले) आहे. तेथे भिंतींच्या खालच्या पट्ट्यात, संगमरवरी शिल्पांचा भास व्हावा अशा करड्या छटांत, एका बाजूला सात सद्गुण आणि समोर सात दुर्गुण आहेत. शत्रू रंगवला असता, तर राग रास्त की गैर याच विचारात पाहणारा गुंतला असता. जोत्तोला रागाचे कारण नव्हे, तर रागाने माणसाची होणारी दशा दाखवायची होती, असे मला वाटते. मान मागे टाकलेली, छातीवरचे वस्त्र दोन्ही मुठींत धरून ओढलेले, आणि पाय मात्र जागच्या जागी. कुठे धावणे नाही, कुणावर तुटून पडणे नाही. सारा जोर मनगटांत एकवटला आहे.

ही कृती त्या काळच्या प्रेक्षकाला अनोळखी नव्हती. बायबलमध्ये येशूचे उत्तर ऐकून महायाजक कयफा संतापाने आपली वस्त्रे फाडतो, आणि तो प्रसंगही जोत्तोने याच चॅपेलमध्ये रंगवला आहे. शिवाय क्रोधाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर संयम उभा आहे : तोंडात लगाम आणि हातातली तलवार म्यानासकट पट्ट्याने गुंडाळलेली. ही जोडी एकत्र पाहिल्याशिवाय त्या मोकाट मुठींचा अर्थ पुरता लागत नाही, आणि पुस्तकांत नेमकी तीच बहुधा वेगवेगळ्या पानांवर छापलेली असते.

राग स्वतःच्याच अंगावर काढण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. नाट्यशास्त्रात रौद्ररसाचे अनुभाव, म्हणजे राग बाहेर दाखवणाऱ्या शारीरिक खुणा, सांगताना भुवया चढवण्याबरोबर ओठ चावणे आणि हातावर हात चोळणे येते. आपण मराठीत ‘दातओठ खाणे’ म्हणतो ते हेच. रोममधील मायकेलँजेलोच्या शिल्पातल्या मोझेसची, म्हणजे बायबलमधल्या प्रेषिताची, बोटेही स्वतःच्याच दाढीत रुतलेली आहेत. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१४ मध्ये निनावी प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्या बोटांचा आणि काखेतून निसटू पाहणाऱ्या, देवाच्या आज्ञांच्या शिलापट्टांचा बारकाईने विचार करून असा निष्कर्ष काढला, की मोझेस उसळून उठण्याच्या बेतात नाही. शिलापट्ट पडतील म्हणून त्याने हात नुकताच मागे घेतला आहे.